इकामा संपल्यानंतर

१ सप्टेंबर २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीने व्हिसाची मुदत उलटूनही देशात राहिलेल्या परदेशी माणसांसाठी सार्वत्रिक माफी सुरू केली. साचलेला दंड माफ, पुन्हा येण्यावर बंदी नाही, आणि दोन रस्ते मोकळे : घरी परता, किंवा नवा मालक शोधून कागदपत्रे नियमित करून घ्या. दोन महिन्यांसाठी जाहीर झालेली ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. अमिरातीने असे पहिल्यांदाच केले होते असे नाही. १९९६, २००२-०३, २००७, २०१२-१३ आणि २०१८ या वर्षीही तिथे अशाच मोहिमा झाल्या होत्या. कुवेतने २०११, २०१८, २०२० आणि २०२४ मध्ये, सौदी अरेबियाने २०१३ आणि २०१७ मध्ये, कतारने २०१६ आणि २०२१ मध्ये याच धर्तीवर सवलती दिल्या. राजाने एकदा माफी दिली तर तिला दया म्हणता येते. दर पाच-सहा वर्षांनी, वेगवेगळ्या राज्यकर्त्यांच्या काळात आणि शेजारशेजारच्या अनेक देशांत तीच माफी पुन्हा पुन्हा द्यावी लागत असेल, तर ती ठरावीक काळाने करावी लागणारी दुरुस्ती ठरते. आणि दुरुस्ती पुन्हा पुन्हा लागते म्हणजे बिघाड मूळ यंत्रातच आहे. या प्रकरणाचे प्रतिपादन एवढेच आहे. आखाती देशांत व्हिसाची मुदत उलटणे हा पुष्कळदा कामगाराचा निर्णय नसतो, तो त्याच्यावर ओढवलेला प्रसंग असतो. तेव्हा त्यातून बाहेर पडण्याचे पर्याय तपासताना 'किती दिवस झाले' या प्रश्नाइतकाच 'कशामुळे झाले आणि नोंद कोणी केली' हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

आखातातल्या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांत मोठा वाटा केरळ, तेलंगणा, उत्तर प्रदेश आणि बिहारचा असला, तरी रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांचे आणि गोव्याचे आखाताशी नाते जुने आहे. कुवेतच्या तेल कंपन्यांत गोंयकार कारकून आणि तंत्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापासून आहेत. खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत गल्फच्या पैशावर उभी राहिलेली घरे मोजायला बसले तर दिवस पुरणार नाही. कफील, इकामा, आऊटपास, फायनल एक्झिट हे शब्द या गावांत रेशनकार्डाइतके परिचित आहेत. पण शब्द परिचित असले तरी त्यांच्यामागची यंत्रणा माहीत असतेच असे नाही. मुदत उलटली की माणूस ज्या चुका करतो त्यांतल्या बहुतेक याच अज्ञानातून होतात.

ही यंत्रणा म्हणजे कफाला. परदेशी कामगाराचा देशातला वास्तव्याचा हक्क एका स्थानिक प्रायोजकाशी, म्हणजे कफीलशी, बांधलेला असतो. व्हिसा त्याने काढायचा, वास्तव्याचा परवाना, म्हणजे इकामा, त्याने करून घ्यायचा, दरवर्षी किंवा दोन वर्षांनी नूतनीकरणाचे शुल्क त्याने भरायचे, नोकरी संपली की परवाना त्यानेच रद्द करायचा. कामगाराचे नाव परवान्यावर असते, पण परवाना चालू ठेवण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. कंपनी बुडाली, मालकाने शुल्क भरले नाही, मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामे करणारा प्रतिनिधी, कागद घेऊन बसून राहिला, किंवा पगारावरून भांडण झाल्यावर मालकाने 'कामगार पळाला' अशी नोंद केली, तर कालपर्यंत कायदेशीर असलेला माणूस आज बेकायदा होतो आणि अनेकदा त्याला ते कळतही नाही. सौदीत या नोंदीला हुरूब म्हणतात. ती पडली की इकाम्यावरची तारीख भविष्यातली असली तरी परवाना निकामी होतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे आखातातल्या बहुतेक देशांत कायद्याने निषिद्ध आहे, तरी ती सवय मोडलेली नाही. त्यामुळे नोंद चुकीची आहे हे सिद्ध करायला लागणारा कागदही कामगाराच्या हाती नसतो.

मुदत उलटणे हा पुष्कळदा कामगाराचा निर्णय नसतो, या विधानाला पुरावा काय, असे कोणी विचारील. पहिला पुरावा सौदीच्या निताकात योजनेचा. २०११ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत खासगी कंपन्यांना त्यांच्याकडे किती सौदी नागरिक नोकरीला आहेत यावरून रंग दिले गेले. लाल रंगात गेलेल्या कंपनीला परदेशी कामगारांच्या परवान्यांचे नूतनीकरण करता येईना. म्हणजे कंपनीने पुरेसे स्थानिक लोक घेतले नाहीत, आणि त्याचा फटका रोज वेळेवर कामावर जाणाऱ्या वायरमनला बसला. २०१३ मध्ये सरकारने कागद सुधारून घेण्यासाठी एप्रिलपासून तीन महिने दिले, मग ती मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत वाढवली. या काळात लाखाहून अधिक भारतीय मायदेशी परतले. पण त्याहून बोलकी गोष्ट ही की वेगवेगळ्या देशांच्या लाखो कामगारांनी देशातच राहून आपली कागदपत्रे दुरुस्त करून घेतली. ज्यांना काम होते, ज्यांना ठेवून घ्यायला मालक तयार होते, त्यांचे फक्त कागद चुकलेले होते. या लोकांना घुसखोरांच्या माळेत बसवणे तर्काला धरून नाही.

दुसरा पुरावा २०१६ मधला. सौदी ओजेर ही तिथली अवाढव्य बांधकाम कंपनी तेलाचे भाव कोसळल्यावर आणि सरकारी देणी थकल्यावर डबघाईला आली. महिनोन्‌महिने पगार नाहीत, कामगारांच्या वसाहतींमधली जेवणाची व्यवस्था बंद, आणि अनेकांचे इकामे नूतनीकरणाअभावी संपलेले. सौदीत अशा तऱ्हेने उपासमारीच्या दारात आलेल्या भारतीयांचा आकडा तेव्हा सुमारे १० हजार सांगितला गेला. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत निवेदन केले आणि राज्यमंत्री व्ही. के. सिंह सौदीत गेले. मालकाच्या ना-हरकतीशिवाय या कामगारांना देश सोडण्याची परवानगी सौदी सरकारने दिली आणि थकलेल्या पगाराचे दावे नोंदवून ठेवण्याची सोय केली. कंपनी पुढच्याच वर्षी बंद झाली. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, एवढ्या माणसांची मुदत एकाच वेळी उलटली ती त्यांच्या बेफिकिरीमुळे नव्हे. दुसरी, जो अडथळा दूर करायला दोन सरकारांना बोलावे लागले, तोच अडथळा एकट्या पडलेल्या कामगारापुढे रोज उभा असतो, आणि त्याच्यासाठी कोणी विमानाने येत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की प्रत्येक जण बळी नसतो. पुष्कळ लोक पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन जाणूनबुजून काम धरतात. काही आझाद व्हिसा विकत घेतात, म्हणजे कफील नावापुरता, त्याला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची आणि काम मिळेल तिथे करायचे. काही जण चांगला पगार दिसला की पहिला मालक सोडून निघून जातात. हे खरे आहे आणि नाकारण्यात अर्थ नाही. पण या उदाहरणांतही बाजार दोन बाजूंनी चालतो. आझाद व्हिसा विकणारा स्थानिक नागरिक असतो, पर्यटक व्हिसावरच्या माणसाला रोजंदारीवर घेणारा मुकादम तिथलाच असतो, आणि तिकीट काढून देणारा एजंट आपल्याच तालुक्यातला असतो. पकडला जातो तो मात्र कामगार. शिवाय नियम मोडण्याचे कारणही पाहावे लागते. कायद्याच्या चौकटीत राहून मालक बदलता येत नसेल, तर कमी पगारात अडकलेल्या माणसापुढे चौकटीबाहेर पाऊल टाकण्याचा मोह उभा राहणारच. त्या माणसाची जबाबदारी यामुळे संपत नाही. पण सगळी जबाबदारी त्याच्याच माथी मारणारे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

आता पर्यायांकडे वळू. पहिले काम पर्याय निवडण्याचे नाही, आपली खरी स्थिती जाणून घेण्याचे आहे. सौदीत अबशिर, कुवेतमध्ये साहेल, अमिरातीत तिथल्या ओळखपत्र आणि नागरिकत्व प्राधिकरणाची सेवा. या सरकारी ॲपवर आणि संकेतस्थळांवर परवान्याची मुदत तपासता येते. चार प्रश्नांची उत्तरे मिळवायची असतात. परवाना नेमका कोणत्या तारखेला संपला? पळून गेल्याची नोंद आहे का? पोलिसांत किंवा न्यायालयात काही खटला, प्रवासबंदी किंवा बँकेचे कर्ज आहे का? आणि पासपोर्ट कोणाकडे आहे? या चार उत्तरांवरून बाकी सगळे ठरते. ज्याची केवळ मुदत उलटली आहे त्याचा प्रश्न पैशाचा असतो. ज्याच्यावर हुरूब आहे त्याचा प्रश्न नोंद पुसण्याचा असतो. आणि ज्याच्यावर कर्जाचा दावा आहे त्याला सार्वत्रिक माफीतही विमानात बसता येत नाही, कारण माफी वास्तव्याच्या नियमभंगापुरती असते, इतर देणी किंवा गुन्हे तिने मिटत नाहीत. अमिरातीत जानेवारी २०२२ पर्यंत न वटलेला धनादेश हाच गुन्हा होता. तो कायदा सौम्य झाला, पण थकलेल्या कर्जावरून प्रवासबंदी आजही येऊ शकते. त्यामुळे स्थिती न तपासता थेट विमानतळ गाठणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

मुदत नुकतीच संपली असेल, किंवा संपायला काही आठवडे असतील, तर सर्वांत स्वस्त पर्याय हाताशी असतात. परवाना रद्द झाल्यावर देश सोडण्यासाठी किंवा नवा परवाना मिळवण्यासाठी काही अवधी दिला जातो. अमिरातीत २०२२ च्या सुधारणांनंतर तो प्रकारानुसार बराच वाढला आहे. या अवधीत नव्या मालकाकडे बदली झाली तर दंडच लागत नाही. सौदीत २०२१ पासून, काही अटी पाळून, करार संपल्यावर जुन्या मालकाच्या संमतीविना नवी नोकरी धरता येते; आणि मालकाने इकाम्याचे नूतनीकरणच केले नसेल किंवा सलग तीन महिने पगार दिला नसेल, तर अशी बदली मागण्याचा हक्क कामगाराला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे 'पळाला' या नोंदीऐवजी 'काम सोडले' अशी नोंद करून कामगाराला नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला ६० दिवस देण्याची पद्धत सुरू झाली. हे साठ दिवस अत्यंत मोलाचे आहेत. दुर्दैव असे की ते सुरू झाल्याचा निरोप कामगाराला त्याचा मालक स्वतःहून देईलच असे नाही, म्हणून आपली नोंद आपणच तपासत राहायला हवे.

हा पहिला अवधी निसटला की दंडाचे गणित सुरू होते आणि ते कामगाराच्या विरोधात धावते. अमिरातीत सध्या दिवसाला ५० दिरहम दंड आहे. महिन्याचे १,५०० दिरहम झाले. महिना १,००० ते १,२०० दिरहम मिळवणाऱ्या मदतनिसाने खाणेपिणे सोडून सगळा पगार दंडात भरला तरी दंड त्याच्या पुढेच राहील. वर्षभरात ही रक्कम १८,२५० दिरहम, म्हणजे ४ लाख रुपयांहून अधिक होते. पहिल्या महिन्यात घरच्यांनी दागिना गहाण टाकून सुटू शकणारा माणूस वर्षाअखेर कोणत्याच उपायाने सुटत नाही. मग तो लपतो, लपल्यामुळे दंड वाढतो, वाढलेल्या दंडामुळे आणखी लपतो. दंडाचा हेतू माणसाला लवकर बाहेर काढण्याचा असतो. एका मर्यादेनंतर त्याचा परिणाम नेमका उलटा होतो, आणि हीच माणसे पुढच्या माफीच्या रांगेत दिसतात. दंड कमी करण्यासाठी मानवी कारणांवरून अर्ज करता येतो, आजारपण किंवा मालकाचा दोष कागदोपत्री दाखवता आला तर त्याचा विचारही होतो. अशी मागणी लवकर करणाऱ्याची बाजू साहजिकच अधिक भक्कम असते.

दोष मालकाचा असेल तर कामगार खात्याकडे तक्रार हा पुढचा पर्याय, आणि तो सर्वांत कमी वापरला जातो. तक्रार केली तर आपणच पकडले जाऊ, ही भीती त्यामागे असते. भीती निराधार नाही, पण कायद्याची बाजू समजून घेण्यासारखी आहे. सौदीच्या कामगार कायद्याचे ४०वे कलम सांगते की इकाम्याचे, कामाच्या परवान्याचे आणि त्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क, उशिराचा दंड आणि परतीचे तिकीट हा मालकाचा खर्च आहे. म्हणजे कामगाराला जो दंड आपला वाटतो तो अनेकदा कायद्याने मालकाचा असतो. पगार बँकेमार्फतच जमा व्हावा, असा नियम अमिरातीने २००९ मध्ये आणि सौदीने २०१३ मध्ये आणला. त्यामुळे पगार थकल्याचा पुरावा आता बँकेच्या नोंदीत सापडतो. परवान्याची मुदत शिल्लक असताना केलेली तक्रार आणि हुरूब पडल्यानंतर केलेली तक्रार यांत मोठा फरक आहे. आधी तक्रार आणि मग हुरूब असा क्रम असेल तर नोंद सूडाने केली हे दाखवता येते. उलटा क्रम असेल तर तीच तक्रार बचावासाठी रचलेली वाटते.

तिसरा आधार भारतीय दूतावासाचा. पासपोर्ट हरवला किंवा मालकाकडे अडकला असेल तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो; एकेरी प्रवासाचा हा कागद म्हणजेच लोकांच्या बोलीतला आऊटपास. पण यातून एक गैरसमज उगवतो. आऊटपास भारतात प्रवेश देतो, त्या देशातून बाहेर पडण्याची परवानगी देत नाही. ती तिथल्या पारपत्र खात्याकडून, म्हणजे जवाझातकडून, वेगळी घ्यावी लागते. खर्चाच्या बाबतीत २००९ मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी कामी येतो. वाणिज्य दूतावासाच्या सेवांवर थोडी जास्तीची रक्कम आकारून हा निधी उभा राहतो आणि अडचणीतल्या गरजू भारतीयाला तात्पुरता निवारा, कायद्याची मदत, परतीचे तिकीट, तसेच सकृद्दर्शनी दोष त्याचा नसेल तर किरकोळ दंड यांसाठी त्यातून साह्य देता येते. २०१५ पासून मदद या पोर्टलवर गावाकडचे नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. दूतावास दुसऱ्या देशाचा कायदा मोडू शकत नाही किंवा दंड रद्द करू शकत नाही. तरी तिथे आपली नोंद असणे हाच एक बचाव आहे, कारण मग माणूस कोणाच्याही नकळत हरवत नाही.

हे सर्व रस्ते बंद झाले की उरतो तो तरहील, म्हणजे हद्दपारीचे केंद्र. तिथे माणूस धाडीत पकडला जाऊन पोचतो किंवा थकून स्वतःहून जातो. बोटांचे ठसे किंवा बुबुळांची प्रतिमा घेतली जाते आणि बहुधा पुन्हा प्रवेशावर बंदी येते. नाव किंवा पासपोर्ट बदलून परत जाण्याचे दिवस संपले. अमिरातीने या शतकाच्या सुरुवातीपासूनच हद्दपार झालेल्यांची बुबुळे विमानतळावर तपासायला सुरुवात केली. घरी पोचण्याचा हा रस्ता आहे खरा, पण पुढच्या कमाईचे दार लावून घेणारा आहे.

मग सार्वत्रिक माफीची वाट पाहणेच शहाणपणाचे नाही का? ज्यांनी अनेक माफ्या पाहिल्या आहेत ते आखातात हाच सल्ला देतात, आणि वरवर पाहता आकडे त्यांच्या बाजूने आहेत. अमिरातीत पाच-सहा वर्षांनी माफी आलीच आहे. पण सल्ला देणारा दोन गोष्टी सांगत नाही. माफी हा हक्क नसतो, तिच्या अटी प्रत्येक वेळी नव्याने ठरतात. २०२४ च्या मोहिमेत बेकायदा मार्गाने देशात शिरलेल्यांना, हद्दपारीचा आदेश झालेल्यांना आणि १ सप्टेंबरनंतर मुदत उलटलेल्यांना जागा नव्हती. ज्याची मुदत २ सप्टेंबरला संपली त्याच्यासाठी ती माफी नव्हतीच. दुसरी गोष्ट मधल्या वर्षांची. या वर्षांत करार नाही, विमा नाही, बँक खाते चालत नाही, अपघात झाला तर दवाखान्यात जाण्याची धास्ती, मजुरी बुडवली तर दाद नाही, आणि गावी आई-वडील गेले तरी जाता येत नाही. या काळात तिथे मूल जन्मले तर त्याचा जन्मदाखलाही अडतो. २०२४ च्या माफीत अशा अनोंदणीकृत मुलांसाठी खास तरतूद करावी लागली, यावरून हा प्रश्न किती खरा आहे ते दिसते. माफीवर डाव लावणारा माणूस दंडाची रक्कम वाचवतो आणि आयुष्यातली पाच वर्षे भरतो.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप माफीच्या टीकाकारांचा. वारंवार माफी दिली तर नियम पाळणारा मूर्ख ठरतो आणि मोडणाऱ्याला बक्षीस मिळते, असे ते म्हणतात. युक्तिवादात तथ्य आहे, पण तो लागू पडायला माणसाने मुदत स्वतः निवडून उलटवलेली असावी लागते. ज्याच्या परवान्याची किल्ली मालकाकडे होती त्याला माफी मिळाली म्हणून कोणाला कसली चिथावणी मिळणार? शिवाय माफी न देण्याचा परिणाम काय होतो तेही पाहता येते. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून देश सोडणाऱ्याला तीन वर्षे आणि वर्षभर किंवा अधिक राहिलेल्याला दहा वर्षे प्रवेशबंदी घातली. ही बंदी लागते ती देश सोडल्यावर. परिणामी ज्याची बायको-मुले तिथे आहेत असा माणूस देश सोडण्याचे टाळतो, कारण सोडणे हीच शिक्षा आहे. आखाती माफीत सोडणाऱ्याला शिक्षा नसते म्हणून लाखो लोक सोडतात. दोन व्यवस्थांत फरक पुष्कळ आहेत. अमेरिकेत नागरिकाशी विवाहासारख्या कारणांनी काहींना कायम वास्तव्य मिळू शकते, आखातात परदेशी मजुराला तशी वाट जवळजवळ नाही. तरी एवढे दोन्हींकडून शिकता येते की बाहेर पडण्याचे दार जितके स्वस्त आणि निर्धोक, तितके बेकायदा राहणारे कमी.

याचा निष्कर्ष असा निघतो की खरा उपाय माफीत नाही, माफीची गरज कमी करण्यात आहे, आणि त्या दिशेने काही पावले पडलीही आहेत. कतारने २०१८ ते २०२० या काळात बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली आणि नोकरी बदलताना लागणारे मालकाचे ना-हरकत पत्र रद्द केले. सौदीच्या २०२१ च्या सुधारणांचा उल्लेख वर आलाच आहे. मात्र त्या सुधारणांतून घरकामगार, खासगी वाहनचालक, माळी आणि मेंढपाळ वगळले गेले. म्हणजे जे चार भिंतींआड किंवा वाळवंटात एकटे असतात आणि ज्यांना मालक बदलण्याची सर्वाधिक गरज पडू शकते, तेच बाहेर राहिले. कुवेतने तर १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर जाताना मालकाच्या संमतीचा परवाना सक्तीचा केला. सुधारणा एका दिशेने सरळ चाललेली नाही. म्हणून 'आता कफाला संपला' या जाहिरातीवर विसंबून कोणी विमानात बसू नये.

आपल्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी लागते, एजंटामार्फत भरती होत असेल तर तो नोंदणीकृत असावा लागतो, एजंटाच्या शुल्कावर ३० हजार रुपये आणि कर अशी मर्यादा आहे, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचे संरक्षण मिळते. मुंबईत या संरक्षकाचे कार्यालय आहे. पण पर्यटक व्हिसावर गेले की यातले काहीच लागू होत नाही, आणि नेमके म्हणूनच बेकायदा एजंट तोच रस्ता सुचवतो. त्या माणसाचा करार कुठेही नोंदलेला नसतो. तिकडे मुदत उलटली की त्याच्यामागे ना मालक असतो, ना विमा, ना कागद. केरळने १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि परदेशी जाण्याआधीच्या माहितीला सरकारी कामाचा दर्जा दिला. कोकणातल्या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर जात असताना, कागद तपासून देणारा आणि अडचणीत तक्रार लिहून देणारा एक जबाबदार माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

तोपर्यंत काळजी घरच्यांनाच घ्यायची आहे. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि इकामा यांच्या प्रती घरी ठेवा. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या दोन महिने आधी विचारणा करा. पगार दोन महिने थकला तर तिसऱ्याची वाट न पाहता तक्रार नोंदवायला सांगा. नोकरीसाठी पर्यटक व्हिसा देऊ करणाऱ्या एजंटाला, तो नात्यातला असला तरी, नाही म्हणा. आणि मुदत उलटलीच असेल तर लाजेने किंवा भीतीने गप्प बसू नका. पहिल्या महिन्यात जे रस्ते उघडे असतात, त्यांतले बहुतेक वर्षाअखेर बंद झालेले असतात.